वाघजाईच्या राईतली रानमोडी

आमच्या वाघजाईच्या राईत, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानात, काही करायचं म्हटलं की आधी देवीला विचारावं लागतं. ग्रामपंचायतीचा ठराव, तालुक्याला अर्ज वगैरे सगळं त्यानंतर.

राई राजापूर तालुक्यात आहे, खाडीवरून चढ चढून गेलं की सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उताराला. चार-पाच एकरांचीच. वर सगळा उघडा जांभा, खाली काजूच्या बागा आणि मधे ही गर्द पट्टी. आत बेहडा, सातवीण, किंजळ, नाणा, सुरंगी, अंजनी. गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. देवळामागे झरा आहे. वाडीतल्या विहिरी एप्रिलात तळाला जातात तेव्हा बायका याच झऱ्यावर येतात. लहानपणी मीही हंडा घेऊन आले आहे, आणि पाणी भरताना सगळं लक्ष वाघजाईचा वाघ कुठून येतो तिकडे.

हे माझं माहेर. आता नोकरीमुळे रत्नागिरीत असते. राईच्या कामाला आम्ही काही जण रत्नागिरीहून येतो, काही वाडीतलेच, आणि कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मधूनमधून. संस्था नाही, नोंदणी नाही, बॅनर नाही. एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि त्यावर कामापेक्षा सुप्रभातच जास्त असतं.

गाव म्हणतं, आम्ही राई राखलेली आहे. ते खोटं नाही. पडलेली वाळकी फांदीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: जे रान सरकारी कायद्याने टिकलं नाही ते देवाच्या धाकाने टिकलं. पण त्याच देवाच्या देवळाचा जीर्णोद्धार काढला की राईतलीच जुनी झाडं विकायची, हेही कोकणात गावोगाव झालं आहे. आमच्याकडे माझ्या वडिलांच्या तरुणपणी झालं. कौलं गेली, स्लॅब आला, आणि सड्याकडच्या बाजूचे मोठे वृक्ष लाकूडवाल्याच्या ट्रकमध्ये बसून गेले. मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात ऊन शिरलं आणि उन्हामागून रानमोडी शिरली.

रानमोडी कोकणात कुणाला दाखवावी लागत नाही, पण शहरातून आलेल्याला दाखवावी लागते. समोरासमोर पानं, पानाच्या तळाजवळून फुटणाऱ्या तीन ठळक शिरा, चुरगळलं की नाकात बसणारा उग्र वास. मूळची अमेरिकेतली. गुरं तोंड लावत नाहीत. दिवाळीनंतर कळ्या धरते, थंडीत पांढुरकी-जांभळट फुलते, आणि मग तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर निघतं. पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाते, उन्हाळ्यात वाळून काड्यांचा ढीग होते, आणि सड्यावरचा वणवा त्या ढिगावरून थेट मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पोचतो. तिच्याखाली सुरंगीचं किंवा जांभळीचं रोप उगवलं तरी त्याला उजेड मिळत नाही. म्हणजे राई बाहेरून कुणी तोडत नव्हतं, तरी दरवर्षी कडेने थोडी थोडी आत सरकत होती.

तर हे काढायचं ठरलं आणि आम्ही गुरवकाकांकडे गेलो. त्यांचं पहिलं म्हणणं, राईतल्या कशालाच हात लावायचा नाही, ते देवीचं. त्यावर वाडीतल्या एका म्हाताऱ्या मानकऱ्यांनीच तोड काढली: "ह्ये झाड माज्या बापाच्या टायमाला नवतं. देवीचं कसं व्हईल?" मग कौल लावायचं ठरलं. गुरवांनी पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे. कोयत्याने तोडू का, या प्रश्नाला डावी कळी पडली. म्हणजे नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच मानकऱ्यांनी प्रश्न फिरवून घातला: लोखंड न लावता, नुसत्या हाताने उपटू का? आणि उपटलेलं राईबाहेर न नेता आतच ठेवू का? उजवी पडली.

मी काही फार भाविक नाही. पण रानमोडीवर कोयता चालवणं म्हणजे तिला छाटणी केल्यासारखं असतं. बुंध्यातून पुन्हा चार-सहा फोक फुटतात आणि पुढच्या वर्षी झुडूप दुप्पट होतं. ती काढायची तर मुळासकट उपटायलाच हवी. देवीने घातलेली अट आणि झाडाचा स्वभाव नेमका जुळला. गुरवकाका अजून ते ऐकवतात, आणि त्यांच्यापुढे आमचं वनस्पतिशास्त्र गप्प बसतं.

उपटायचं काम पाऊस ओसरताना करायचं. गणपती गेले की दसऱ्यापर्यंत. माती अजून ओली असते, मूळ सुटतं, आणि कळ्या यायच्या असतात. दिवाळी उलटली की जांभ्याची माती अशी आवळते की झुडूप हातात तुटून येतं आणि खोड आत राहतं. उपटताना वर धरायचं नाही. वाकून जमिनीलगत दोन्ही हातांनी धरायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवायचं आणि मग सरळ वर ओढायचं. मुळं फार खोल नसतात, तंतूंचा गुच्छ असतो. मातीचा गोळा सुटून येतो तेव्हा फटक्कन आवाज होतो. माती तिथेच झटकायची. जुन्या, मनगटाएवढ्या खोडाला दोघं लागतात. तेही नाही निघालं तर बांबूची टोकदार खुंटी घेऊन भोवती उकरायचं, कारण कुदळ चालत नाही. काढलेलं झुडूप मातीवर टाकलं तर पावसाच्या एका सरीत पुन्हा धरतं. म्हणून मुळं वर करून उघड्या जांभ्याच्या कातळावर रचायचं. तिथे वाळतं, कुजतं आणि त्याची माती राईतच राहते.

कुठून सुरुवात करायची यावर आमच्यात वाद झाला होता. नवीन माणसाला वाटतं, जिथे सगळ्यात जास्त माजलीय तिथे तुटून पडावं. ते दिसायला बरं दिसतं, फोटोही छान येतो, आणि पुढच्या पावसात सगळं परत. आम्ही उलट बाजूने गेलो. राईचा जो भाग धडधाकट आहे, त्याच्या कडेला एखाददुसरं झुडूप घुसलेलं असतं, ते आधी. मग त्याच्या बाहेरचा पट्टा. तिथे सावली जवळ, बी जवळ. मोकळी झालेली जागा राईच भरून काढते. एका वर्षी जेवढं दोनदा तपासता येईल तेवढंच मोकळं करायचं, जास्त नाही. उतारावर तर सगळं एकदम काढायचंच नाही, नाहीतर पुढच्या आषाढात माती पऱ्यातून खाडीला.

हे काम सुंदर वगैरे अजिबात नसतं. घामाने डोळे चुरचुरतात, कपड्यात ओंबील, म्हणजे चावरे लाल मुंगळे, शिरतात, आणि एका रविवारी आम्ही खाजकुयलीच्या वेलीखाली सापडलो. शेंगांवरचे सोनेरी केस नुसते वाऱ्याने मानेवर पडले तरी पुरे. कॉलेजची मुलं अक्षरशः नाचायला लागली. वाडीतल्या वहिनी शांतपणे गोठ्यात गेल्या, ताजं शेण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चोळा, लाजू नका." शेण वाळलं की खरवडून काढायचं, त्याबरोबर केस निघतात. त्या दिवशी परतीच्या एसटीत आमच्या बाकाशेजारी कुणी बसलं नाही.

फुरसं हा मात्र गमतीचा विषय नाही. जांभ्याच्या कपारीत ते असतंच, रंग मातीचाच, आणि आकार एवढा लहान की नवखा माणूस क्षुल्लक समजतो. म्हणून आमच्याकडे गमबुटाशिवाय प्रवेश नाही. दगडाखाली हात घालायचा नाही, आधी काठीने किंवा पहारीने दगड कलता करायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ना, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवायचं. पिशवीत ब्लेड, दोरी आणि मंत्र जाणणाऱ्याचा फोन नंबर घेऊन आलेल्या एका उत्साही गृहस्थांची पिशवी आम्ही ठेवून घेतली होती.

पहार म्हणजे लोखंड. ते चालतं, कारण पहार लागते ती गडग्याच्या, म्हणजे कडेच्या दगडी बांधाच्या, कामाला; आणि गडगा राईच्या बाहेर येतो.

गडग्याबद्दल जरा लिहिलं पाहिजे. भात कापून झालं की वाडीतली गुरं मोकळी सुटतात आणि राईच्या कडेची कोवळी रोपं त्यांना बरी लागतात. तारेचं कुंपण घालू, असं सगळेच म्हणाले. पण तार गंजते, चोरीला जाते, आणि भेकर त्यात अडकतं. जुना गडगा होताच, जागोजाग ढासळलेला. तो उभा करायला आम्ही वाडीतल्या तात्यांना गुरू केलं. तात्यांचं वय विचारलं की ते फक्त हसतात. बिनमातीचा, बिनसिमेंटचा गडगा म्हणजे दोन तोंडांची भिंत: दोन्ही बाजूंनी मोठे दगड, पोटात लहान चिपा. तळाला सगळ्यात मोठे दगड, आणि दगडाची लांब बाजू आत. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. भिंत वर जाईल तशी दोन्हीकडून किंचित आत घ्यायची. तात्या प्रत्येक दगड हातात फिरवून त्याचं बसकं अंग शोधतात, ठेवतात, तळहाताने दाबून बघतात; डुगडुगला तर चिप न घालता दगडच बदलतात. आम्ही चिपा ठोकून बसवलेला भाग त्यांनी एकदा बोटाने हलवून दाखवला आणि काही न बोलता सगळा उतरवला. उंची छातीच्या खालीच ठेवली. गुरांना तेवढी पुरते, भेकर आरामात उडी मारतं. खालून पाण्याला वाटा ठेवल्या, नाहीतर कोकणातला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, कुठलाही गडगा ढकलून देतो.

झाडं लावण्याचं काम यात सगळ्यात कमी, आणि सगळ्यांना हवं असतं तेच. 5 जूनच्या सुमारास एका कारखान्याची माणसं टेम्पो भरून रोपं घेऊन आली होती. आकेशिया, गुलमोहर आणि काशिद. बॅनरही आणला होता. पाऊस यायचा होता, माती तव्यासारखी तापलेली. सरपंचांनी त्यांना चहा पाजला आणि ती रोपं रस्त्याच्या कडेला लावायला सांगितली. तिथली गुलमोहराची दोन अजून आहेत, बॅनर मात्र एका गोठ्याला झाप म्हणून लागला आहे.

आमची रोपं राईतलीच. देवळाच्या अंगणात, म्हणजे हद्दीच्या आतच, बचत गटाच्या बायकांनी रोपवाटिका मांडली आहे. माती, शेणखत, थोडी वाळू, काळ्या पिशव्या. जांभूळ, सुरंगी, रातांबा यांचं बी वाळवून डबीत ठेवायचं नसतं, पडलं की आठवडाभरात पेरायचं. वाळलं की मेलं. पण बियांपेक्षा सोपा माल आम्हाला ककणेराने दिला. ककणेर म्हणजे पुस्तकातला धनेश. जुन्या बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी एक जोडी घरटं करते. मादी आत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते. मग नर वड, पायर, उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो, बुंध्याला चिकटून बसतो, मान झटकून एकेक फळ चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. मी एकदा गडग्याबाहेरून दुर्बिणीने बघत होते. फळं संपेचनात. शेवटी एक साल काढल्यासारखा कपचा त्याने आत दिला, तो बहुधा लाकडाचा होता, आणि तो आतून तसाच बाहेर फेकला गेला. संसार आहे.

तर खाल्लेल्या फळांच्या बिया त्या फटीतून खाली पडतात. पावसाळा सुरू झाला की बेहड्याखाली रोपांची दाटी होते. तिथे ती सगळी जगणार नाहीतच. त्यातली काही आम्ही पिशवीत घेतो, वर्षभर वाढवतो आणि गुडघ्याच्या वर गेली की सड्याकडच्या मोकळ्या पट्ट्यात लावतो. मृगाच्या पहिल्या सरीला नाही. माती आतपर्यंत भिजू द्यायची, आर्द्रा लागलं की लावायचं. पुढे लावणीचा हंगाम सुरू झाला की वाडीतलं एकही माणूस मिळत नाही, त्यामुळे हातात दिवस थोडेच असतात. ढोलीच्या बाजूला फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत कुणी जायचं नाही, हा नियम आम्ही घातला. त्याला कौल लावावा लागला नाही.

वणवा आला तो शिमग्याच्या जरा आधी. कुणीतरी बागेतला पाचोळा पेटवला आणि वारा फिरला. सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं, आग चालत नाही, पळते. आम्ही जानेवारीत राईच्या वरच्या अंगाला गवत कापून जाळरेषा काढली होती. फोन आले तोवर वाडीतली पोरं करवंदीचे ओले टाळे घेऊन पोचली होती. मी रत्नागिरीहून निघून पोचेपर्यंत झोडपून झालं होतं. रेषेने बहुतेक आग अडवली. एका कोपऱ्यात, जिथली रानमोडी काढायची राहिली होती, तिथून ती आत शिरली आणि तीसेक पावलं जाऊन पाचोळा ओलसर लागला तिथे दमली. कुंभ्याला काही झालं नाही, त्याची साल जाड. सुरंगीची आणि अंजनीची पोरं गेली. त्या कोपऱ्याला गुरवकाका आता पुराव्यासारखं दाखवतात: बघा, उपटलं तिथे वाचलं, नाही उपटलं तिथे जळलं. आमच्या कुठल्याही सभेपेक्षा त्या काळ्या कोपऱ्याने माणसं जास्त आणली.

पण आगीपेक्षा मला पेव्हर ब्लॉकची भीती जास्त वाटते. शिमग्याला चाकरमानी येतात, पालखी नाचवतात, आणि वर्गणीचा आकडा जमला की सुशोभीकरणाचं घोंगडं पुढे येतं. पाचोळा म्हणजे कचरा, पडलेलं लाकूड म्हणजे अडगळ, वेली म्हणजे झाडाला फास. झऱ्यापर्यंत ब्लॉक, दोन्ही बाजूंना दिवे, मधे बाकडी. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नाही, म्हणूनच भांडता येत नाही. सभेत एका काकांनी विचारलं, गारंबी कापली तर झाडं मोकळी होणार नाहीत का? तात्यांनी उत्तर दिलं, "मग वांदार कशावरनं जातील? तुज्या वायरीवरनं?" सभा हसली आणि विषय गेला. ब्लॉक दीपमाळेपर्यंतच घालायचे, पुढे पायवाट मातीचीच, असं ठरलं. यंदा पुन्हा निघेल हे मला माहीत आहे.

सरकारी बाजू थोडक्यात. जैवविविधता कायदा 2002चा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, तशी आमच्याकडेही आहे, कपाटात. आम्ही ती काढून राईतल्या झाडांची यादी नव्याने भरायला घेतली. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या राईला 2021मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तसं आपलंही करावं का, हा विषय निघाला तेव्हा गाव दोन तट झालं. निम्म्यांना वाटतं अभिमान, निम्म्यांना वाटतं उद्या गेटवर पावती फाडून आपल्याच देवीला जायचं. मला स्वतःला घाई नाही. कागद झाला तरी सप्टेंबरात उपटायला हातच लागणार आहेत.

आणि एक भांडण माझं चालू आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाला बायकांनी जायचं नाही, अशी रीत आहे. कौल बायकांच्या हातांना लागला, रोपवाटिका बायका चालवतात, गडग्याचे दगड बायकांनी वाहिले, पण त्या दहा गुंठ्यांत पाय नाही. मी मानकऱ्यांना दरवर्षी विचारते, ते दरवर्षी म्हणतात, बघू. तिथे उपटायला फक्त पुरुष जातात, म्हणजे ठरवून जातात, म्हणजे बहुतेक वेळा जात नाहीत. राईत सगळ्यात दाट रानमोडी आता तिथे आहे. त्या बाजूचं बी वाऱ्याने आम्ही साफ केलेल्या पट्ट्यात येतं हे मी सभेत सांगितलं आहे, आणि कौल लावा असंही सांगितलं आहे.

यंदाचं काम विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होतंय. येणाऱ्यांनी गमबूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे आणि पाण्याची बाटली आणावी. कोयता, करवत घरी ठेवावी. राजापूरहून सकाळची एसटी धरली तर वेळेत पोचता. जेवण वाडीत, भात आणि कुळथाचं पिठलं. वरच्या अंगासाठी पुरुष हवे आहेत, निदान कौल लागेपर्यंत.